खंडेनवमीचा पाना

घरचे तयार कसे झाले, असं विचारता ना? ऐका मग.

लातूरला डॉक्टरकीचे क्लास सोडून मी डाळमिलमध्ये फिटरची अप्रेंटिस म्हणून लागले, आणि वडिलांनी, आमच्या अण्णांनी, माझ्याशी बोलणंच टाकलं. दसऱ्याच्या सुट्टीत उदगीरजवळ आमच्या गावी गेले, तरी अण्णांनी मान वर केली नाही.

खंडेनवमीला ते विळा, कुऱ्हाड धुऊन पूजेला मांडायचे. दरवर्षी शेजारी माझी पुस्तकं असायची. म्हणून यंदा मी तिकडं बघायचंच टाळलं.

तेवढ्यात शेजारचे मामा आले. "पोरी, पिठाच्या गिरणीचा पट्टा सारखा सुटायलाय. जरा बघतीस का?"

पाना घ्यायला मी पिशवी उघडली, तर पाना नाही. सगळी पिशवी उपसली. आईला विचारलं, तर ती नुसती देवाकडं बघायली.

विळ्याच्या शेजारी माझा पाना होता. ग्रीस घासून काढलेलं, वर हळदकुंकू. पुस्तकं कुठंच नव्हती.

मी उचलायला वाकले, तसे अण्णा मामांना म्हणाले, "आज हत्याराला हात लावत नसतेत. उद्या येईल आमची फिटर."