मधल्या सीटचा पट्टा

गॅरेजच्या बाकावर आजी कधीच्या बसल्या होत्या. समोरचा माणूस बायकोकडे पाठ फिरवून मेकॅनिकशी बोलतोय, हे काही त्यांना पटलं नव्हतं.

"ती टुंगटुंग तेवढी बंद करा."

"साहेब, ती पट्ट्याचीच आहे. मधल्या सीटचं बक्कल धरत नाही. ब्रेक मारला की सुटतं."

"माझा पट्टा ठीक आहे ना?"

"तुमचा गेल्याच महिन्यात नवा टाकलाय."

"मग झालं तर."

"अहो, मधल्या सीटवर आपली छकुली बसते."

"बसू दे. पुढची सीट धरून बसेल."

"परवा धरूनच बसली होती. दात पडला तिचा."

"दुधाचा होता. पडणारच होता."

"नवं बक्कल सोमवारी येईल, साहेब. तोवर तिथे कुणाला बसवू नका."

"बाकी सगळीकडे सामान भरलंय. घाट उतरून घरी जायचंय, मग तिला बसवू कुठे?"

आजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बाई, तुला गाडी येते?"

"येते. पण हे देत नाहीत."

"आज देतील. ए बाबा, किल्ली हिच्या हातात दे. लेक हिच्या शेजारी पट्टा लावून बसेल. घरातला कर्ता पुरुष ना तू? मग त्या सुटणाऱ्या पट्ट्यात तू बस."