दरवेळी नदीच

डोळ्यांत थेंब घालून नर्सने सगळ्यांना डोळे मिटून बसायला बजावलं होतं. जन्मभर मुलांना कविता शिकवून निवृत्त झालेल्या बाईही बसल्या होत्या; कान मात्र शेजारच्या बाकावरच्या नवरा-बायकोकडे.

"शाळेत आमच्या बाई असंच बसवायच्या. डोळे मिटा, कविता ऐका आणि काय दिसतं ते सांगा."

"मग काय दिसायचं तुम्हाला?"

"डोंबल! मी आपलं ठोकून द्यायचो, नदी दिसते म्हणून."

"दरवेळी?"

"दरवेळी. कविता लढाईची असली तरी नदीच."

"आणि बाईंना पटायचं ते?"

"त्या लगेच विचारायच्या, पाणी कुठवर आलंय? झाली का पंचाईत! सांगायचं तर आधी बघायला नको?"

"म्हणजे दिसायची?"

"अगं, एकदा तर मी चपला हातात घेतल्या."

"काहीतरीच तुमचं! कशा होत्या हो त्या बाई दिसायला?"

"चेहरा नाही आठवत. आवाज ऐकला तर सांगेन."

बाईंना राहवलं नाही. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं,

"आज कुठवर आलंय रे पाणी?"



"गुडघ्यापर्यंत... नाही, थांबा बाई. चढतंय."