रिकोर्स आन मेथीच्या जुड्या

चहा उकळेस्तोवर आयका, बायांनो. माही पोरगी वकिलीचा अभ्यास करते. परवा मोठ्यानं पाठ करून राह्यली होती, "रिकोर्स म्हणजे मदतीसाठी कोणाकडं वळणं. मूळ लॅटिन. तिथं अर्थ हाय, पळत माघारी जाणं."

मी म्हटलं, "मंग सरळ माहेर म्हण ना!"

ती हासली. मले माय आठवली. मी भांडून माहेरी किन्हीराजाले गेली, का माय 'काहून आली' असं कधीच इचारे नाही. बाजारासाठी उपटलेली मेथी समोर टाके आन म्हणे, "जुड्या बांध." ढीग सरेस्तोवर माहा राग सरे. मंग मायच म्हणे, "जाय आता, जावई उपाशी असतीन."

काल पोरीच्या बापासंगं पुन्हा वाजलं. पिशवी उचलली आन तरातरा वाशिमच्या स्टँडवर जाऊन गाडीत बसली. कंडक्टर म्हणे, "कुठं?"

"किन्हीराजा."

तिकीट हाती आलं तवा ध्यानात आलं, माय जाऊन साल झालं. तिथं आता कुलूप हाय.

खाली उतरली. बाजारातून पिशवीभर मेथी घेऊन घरी आली.

पोरीचा बाप म्हणे, "एवढी मेथी कायले?"

"जुड्या बांधाले."

"बांधलेल्याच तर हायेत!"

"सोडीन आन पुन्हा बांधीन."

तो समोर बसला आन एकेक जुडी सोडून माह्या हाती देऊ लागला. ढीग सरला. रागही सरला, खोटं कायले बोलू. पण "जाय आता" म्हणायले कोणी नव्हतं.