लोणारच्या ताईंचा फोन

हे मी अजून कोणाले सांगतलं नाही. मलकापूरला बसून मी आमच्या पतसंस्थेच्या सगळ्या शाखांच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवरून सॉफ्टवेअर टाकतो. लोणारला नव्यानं आलेल्या संगीताताई माझा फोन उचलतच नव्हत्या. मागच्या महिन्यात मी चिडलो आन् न विचारताच इथूनच त्यांचा कॉम्प्युटर रीस्टार्ट केला.

परवा पुन्हा रीस्टार्ट करायचं होतं, म्हणून मी थेट त्यांच्या स्क्रीनवरच टाईप केलं, "ताई, फोन काऊन उचलत नाही?"

खाली हळूहळू अक्षरं उमटली. "दादा, मले ऐकू येत नाही."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

"लिहून कोणी विचारलंच नाही."

मले ते रीस्टार्ट आठवलं. मी लिहिलं, "मागच्या वेळी तुमचं काही गेलं का?"

"दिवसभराचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं."

मी माफी लिहायले घेतली. तेवढ्यात त्यांनीच लिहिलं, "आज पाच मिनिटं थांबता का? सेव्ह करायचं आहे."

मी माऊसवरचा हात काढला आन् त्यांचं होईपर्यंत बसून राह्यलो.