घळीच्या वाटेवरची मोळी

ऐका रं पोरांनो. शेकोटीजवळ सरका, आन मधी कुणी "खरं का?" म्हणून विचारू नका. खोटं सांगायला थंडीत बसायची मला हौस न्हाई.

आपल्या वाडीतला हैबती. बायको अंजिरा, पहिलटकरीण. अवसेच्या रात्री तिला कळा सुरू झाल्या. पोर काही सुटंना. सुईण कोंडाबाई राहायची घळीच्या पल्याड. हैबतीनं कंदील उचलला आन निघाला. एकटाच!

आता हैबती माणूस वाईट न्हाई बरं का. पण आपण काय करतोय याचं त्याला भानच नसायचं. उघडलेलं झाकायचं न्हाई, हललेलं नीट बसवायचं न्हाई. मागनं येणारा बघून घेईल! घाई असो नसो, गडी असाच.

घळीच्या तोंडाशी कुंपणातनं वाट होती. गुरं शिरू नयेत म्हणून तिथं बाभळीची फांदी आडवी लावलेली. जाणाऱ्यानं काढायची, पलीकडं गेलं की परत लावायची. हैबतीनं ओढली आन वाटेतच टाकली. पुढं ओढा. ओढ्यात पाय ठेवायला दगड. मधला दगड त्याच्या पायाखाली कलला. कलू दे! ओढ्यापल्याड उंबराखाली एक म्हातारी उभी. शेजारी लाकडाची मोळी.

"लेकरा, मोळी डोक्यावर दे रं."

एवढं कोण करत न्हाई सांगा? वाटेत भेटलेल्याच्या डोक्यावर वझं देतोच की माणूस. पण हैबती म्हणाला, "वेळ न्हाई, म्हातारे!" आन चालता झाला.

चालला, चालला. आन कचकन पायात काटा! कंदील खाली धरला, तर बाभळीची फांदी. तीच! समोर कुंपण. तेच! चकवा, दुसरं काय? माणसाला गोल गोल फिरवतो, पार उजाडेपर्यंत सोडत न्हाई.

हैबतीनं शिवी हासडली, काटा उपसला, फांदी लाथेनं सारली आन लंगडत पळाला. ओढ्यात मधल्या दगडावर पाय पडला, तसा दगड गर्रकन फिरला! गडी पाण्यात, कंदील विझला. काळोख! आन त्या काळोखात उंबराखाली म्हातारी. मोळी आता माणसाएवढी!

"दे की रं डोक्यावर."

हैबती डोळे मिटून पळाला. पळाला, पळाला, आन पुन्हा कचकन! आता दुसऱ्या पायात. आन तवाच लांबनं आवाज आला. तान्ह्या पोराचं रडणं. कुठनं? उंबराकडनं. त्या मोळीतनं!

मग मात्र हैबती मटकन खाली बसला. घरी अंजिरा तडफडत असंल, आन आपण इथंच फिरतोय. पायाला हात लावला, रगत लागलं. हा काटा इथं कुणी टाकला? म्या. दगड कललेला कुणी सोडला? म्याच. भूत भूत म्हणत पळत होता, पण पायात रुतत होतं ते त्याचं स्वतःचंच होतं.

घाबरला होता, पण उठला. चाचपडत फांदी उचलली, कुंपणाच्या पलीकडं झाला आन परत लावली. ओढ्यात उतरला, दगडाखाली बारक्या दगडांच्या चिपा सारल्या, वर उभा राहून बघितला. आता हलत न्हाई म्हटल्यावर उंबराखाली गेला.

म्हातारीचे पाय उलटे! मोळी पार फांद्यांना टेकलेली, आत पोर रडतंय.  तरी हैबती म्हणाला, "देतो, आई," आन दोन्ही हात मोळीखाली घातले. उचलली, डोक्यावर दिली. तेवढ्यात गार बोटांनी त्याचं मनगट धरलं.

"आत्ता सुचलं व्हय?"

"उशिरा सुचलं, आई. पर सुचलं."

एकेक बोट सुटलं. रडणं थांबलं. म्हातारी न्हाई, मोळी न्हाई. समोर कोंडाबाईच्या दारातला दिवा!

परत यायला वाट तीच. कोंडाबाई पुढं, वयानं वाकलेली. तिचा पाय नेमका मधल्या दगडावर पडला. हैबतीनं धरायला दोन्ही हात पुढं केले. ही आता पडली असती, तर अंजिराला कोण होतं? दगड हलला न्हाई. कुंपणापाशी तिनं फांदी काढली, दोघं अलीकडं आले, आन तिनं बोलता बोलता परत लावली.

"काकू, ती उंबराखालची म्हातारी तुम्हाला भेटत न्हाई?"

"कोण म्हातारी? माझा जन्म गेला या वाटेवर. मला तर कुणी भेटलं न्हाई."

घरी पोचले, तर पोटातल्या पोरीच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. कोंडाबाईनं सोडवला. आणखी थोडा उशीर झाला असता, तर मायलेकी दोघी गेल्या असत्या.

हैबतीच्या मनगटावर त्या बोटांचे वळ मरेपर्यंत होते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. म्हणून सांगतो, रातचं घळीच्या वाटेनं जाऊ नका. म्हातारी अजून उभी असती तिथं.

आन काय रं सर्जेराव, ती पोरगी कोण, ठाऊक हाय? तुझी आई. त्या एका दगडावर तुमचं सगळं घर उभं हाय. आन तू? मघाशी तू आलास, तवा माझ्या गोठ्याचं फाटक लावल्याचा आवाज काही मला आला न्हाई.

हसू नको. ऊठ. एकटा जा, आन लावून ये.