काहील उतरवली आहे, सर

या दाराची वरची काच तडकली, त्या दुपारी माझं सगळं बदललं. मंडळी, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत आहे. मागच्या बाकांवर कुजबुज चाललीय, तीही मला ऐकू येतेय. चालू द्या. आज मी भांडायला आलेलो नाही.

सरांच्या थोरल्या बहीण, आक्का, साताऱ्याहून आल्यात. प्राचार्य आहेत. माझ्याबरोबरची पोरं आहेत, नवीही आहेत. सरांच्याच वर्गात, सरांच्याच फळ्यापुढं उभं राहून सर गेले असं म्हणायचं. कसं म्हणायचं, सांगा ना. 

नव्या पोरांसाठी सांगतो. मी सदा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातून निघून गेलेला. पलूसजवळ मामाचं गुऱ्हाळ आहे, तिथं असतो. उसाचा रस काढायचा, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उकळायचा, गूळ करायचा.

त्या दुपारी इथं पेढे वाटले गेले. कुणी वाटले, नाव घेत नाही. तिचं आता दुसऱ्या गावी घर आहे, सुखाचं असू दे. माझ्या हातावर पेढा ठेवून ती म्हणाली, "घे की, असा काय बघतोस? लग्न जमलं माझं." एवढंच. मी दोन वर्षं मनातल्या मनात तिच्याशी जे बोलत होतो, त्यातलं एक अक्षरही तिला ऐकू गेलं नव्हतं. जाणार कसं? मी पेढा टेबलावर ठेवला आणि हे दार आपटून निघालो. पुन्हा आलो नाही. सरांनी काच बदलली नाही. नुसती चिकटपट्टी लावली. बघा, अजून आहे.

आणि एका रविवारी सर एस.टी.नं गुऱ्हाळावर आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर सर काहिलीखालच्या चुलवाणापाशी उभे राहून दीर्घिकांचं, आपल्या आकाशगंगेसारख्या लांबच्या तारामंडळांचं, सांगायला लागले! म्हणाले, "सदा, ऐकलंस का? लांबची एक दीर्घिका सापडलीय. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वच पोरवयाचं होतं, आणि ही तेव्हाच म्हातारी. निळे, तरणे तारे संपलेले, लाल तेवढे उरलेले. नवा तारा करायचं तिनं कधीच थांबवलं होतं."

मामा वैतागला. "आवं सर, आभाळातलं ऱ्हाऊ द्या. ह्या बेण्याचं काय ते बगा. लय तापट हाय. कवा भडकंल नेम न्हाई."

"मामा, त्याचंच तर बोलतोय," सर म्हणाले.

मी म्हणालो, "सर, मग मी तीच दीर्घिका. एकविसाव्या वर्षीच थांबलो. आता माझ्यात नवं काही व्हायचं नाही."

सर हसले. काहिलीतला रस आता घट्ट होत आला होता, त्याच्याकडं बोट केलं. "याची गुळाची ढेप का धरत नाही रं?"

"उकळतंय की. खाली वाफ्यात, त्या पसरट हौदात, ओतून निवल्याशिवाय कशी धरंल?"

"तसंच आहे. दीर्घिका का थांबतात, कुणालाच अजून नीट माहीत नाही. कुठं वायू संपला असेल. कुठं वायू भरपूर आहे, पण इतका तापलेला की गोळाच होत नाही. गोळा नाही तर तारा नाही."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझं बघ. आमची ही गेली, त्यानंतर माझ्या घरात नवं काही झालं नाही. माझ्यातला वायूच निघून गेला. थांबलेला मी आहे, सदा. पण आधी जे तारे झाले होते ना, त्यांच्या उजेडात इतकी वर्षं शिकवतोय. तुझं तसं नाही. तुझ्यात वायू आहे. तापलाय नुसता."

आक्का, रडू नका. पुढचं ऐका. एवढं शहाणपण सांगून सरांनी कढत काकवी तोंडात घातली आणि जीभ पोळून घेतली! मामा म्हणाला, "घ्या! दुसऱ्याला निवायला सांगताय व्हय?" सर जीभ बाहेर काढून हसत होते. सर असे हसलेले तुम्ही कुणी पाहिलेत का? मी पाहिलेत.

त्यानंतर अधूनमधून येत राहिले. एस.टी.तून उतरल्या उतरल्या लांबूनच ओरडायचे, "निवलास का रं?" मी ओरडायचो, "न्हाई अजून!" जाताना म्हणायचे, "जूनमध्ये नाव घालू. तुझी जागा आहे." मी म्हणायचो, "बघू." दरवेळी बघू. सर कुठं जाणार होते? रविवार कुठं जाणार होता?

परवाच्या रविवारी एस.टी. थांबली. दोन बायका उतरल्या, एक म्हातारा उतरला. गाडी गेली. सर गुरुवारीच गेले, हे मला ठाऊक होतं. तरी मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.  मंडळी, मला गूळ करता येतो. चार माणसांत बसून बोलता येत नाही. त्या पोरीला सांगता आलं नाही, सरांनाही सांगता आलं नाही. निवलास का, असं विचारणारा एक माणूस होता. आता कोण विचारणार?

म्हणून न विचारता सांगतो. सर, निवलो नाही अजून. खोटं बोलणार नाही. पेढा दिसला की आजही हात मागं जातो. पण काहील उतरवली आहे, सर. चुलीवर नाही आता. जूनमध्ये माझ्या जुन्या जागेवर, तिसऱ्या बाकावर बसेन. नव्या पोरांनी हसायचं असेल तर हसावं. मी उठून जाणार नाही.

माझं बोलणं संपलं. आता सगळे उभे राहा. हात जोडा. घड्याळ बघू नका, कुणी काही बोलू नका. मला पलूसची गाडी गाठायची आहे, मी या दारातून बाहेर पडेन. तडकलेली काच वाजते का, तेवढं ऐका. नाही वाजली, की समजा सरांना माझा नमस्कार पोचला.

येतो, सर. दार हळूच ओढून घेतो.