डाव्या पायाची पद्धत

नाही, पण मला सांगा, उजव्या पायाने यांचं काय घोडं मारलंय? चालायला दोन पाय, पळायला दोन पाय, मग शिलाई मशीनवर बसलं की एकालाच का सुट्टी? दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं... का सोडलं ते विचारू नका, घरात सगळ्यांचं विचारून झालंय... आणि बाबांच्या टेलरिंगच्या दुकानात येऊन बसलो. पहिलाच दिवस, पायडलवर पाय ठेवतो न ठेवतो तोच काकाने नडगीवर लाकडी पट्टी हाणली! “डावा! डावा पाय!” म्हटलं, का? तर म्हणे, “पद्धत आहे.”

पद्धत आहे. झालं, संपला विषय!

आता ही पद्धत म्हणजे काय, तर उजवा पाय मागे न्यायचा, स्टुलाच्या आडव्या दांडीला अडकवून ठेवायचा, आणि एकट्या डाव्याने मशीन हाकायची. घरी करून बघा, दहा मिनिटांत कमरेत कळ नाही आली तर माझं नाव बदला. बाबा चाळीस वर्षं असे बसलेत, तुम्हाला सांगतो, चाळीस! उभे राहिले तरी डावा खांदा चार बोटं खाली. काका तसाच. समोरच्या दुकानातला पँटवाला तसाच. आख्खी गल्ली एका बाजूला कललेली, वारा सुटल्यासारखी! आणि हे महाभाग कपडे बेतणार स्वतःच्याच खांद्याच्या अंदाजाने, म्हणजे शर्टही तिरका. गिऱ्हाईक मात्र आरशासमोर उभं राहून काय म्हणतं? “वा! तुमच्या गल्लीच्या शर्टाला एक झोक असतो हां!” झोक! कमरेचा खुळखुळा झालाय माणसांच्या, आणि यांना झोक दिसतोय.

मी प्रत्येकाला विचारलं. काका म्हणाला, “अरे, डावा पाय हृदयाकडचा. कपड्यात जीव उतरतो.” पँटवाला म्हणाला, “छे छे, उजव्यात जोर जास्त, दोरा तुटतो.” म्हटलं, आणि एखाद्याच्या डाव्यात जोर जास्त असला तर? “तर त्याने टेलर होऊ नये!” घ्या! कारण कुणालाच माहीत नाही, पण प्रत्येकाकडे आहे. कळस म्हणजे बटणं आणायला मी पार दुसऱ्या गावाला गेलो, तर तिथेही तीन दुकानांत उजवा पाय दांडीला! मी म्हटलं, अहो, हे तर आमच्याकडचं. तिथला म्हातारा टेलर चष्म्यावरून बघत म्हणाला, “तुमच्याकडचं? ही आमच्या गावची पिढीजात पद्धत आहे. तुमच्याकडे कुणी चोरून नेली?”

तोवर बाबांची कंबर पार गेली होती. डॉक्टर म्हणाले, सरळ बसा, दोन्ही पाय लावा. बाबा ‘हो’ म्हणाले, गोळ्या घेतल्या, दुकानात आले आणि डावा पाय ठेवला. मी म्हटलं, बाबा! ते मान खाली घालून म्हणाले, “पद्धत आहे रे.”

मग मात्र माझं डोकं सणकलं. मी छडाच लावायचं ठरवलं. आणि छडा लागला कुठे, तर कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या आजोबांकडे. वय नव्वदीच्या घरात, पण आख्ख्या गल्लीचे पाय त्यांच्या लक्षात. विचारलं, तर हसायलाच लागले. “अरे, तुझ्या आजोबाच्या उजव्या तळव्याला कुरूप झालं होतं! पाय टेकवेना. मीच त्याच्या चपलेला भोक पाडून दिलं होतं.” म्हटलं, मग? जन्मभर राहिलं? “कसलं जन्मभर? चार महिन्यांत गेलं. पण त्याच चार महिन्यांत दोघं जण त्याच्याकडे काम शिकून गेले ना!”

कुरूप! ऐकताय ना? हृदय नाही, दोरा नाही... एक कुरूप! ते बरं झालं, पण जे शिकून गेले त्यांनी पुढच्यांना शिकवलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना, कुणी गाव बदललं, आणि ज्याच्या पायाला काही झालं नव्हतं, तोही लंगड्यासारखा शिवायला लागला. माझे आजोबा स्वतःसुद्धा परत उजव्यावर आले नाहीत. येणार कसे? समोर शिष्य बसलेले!

मी धावत दुकानात गेलो. काका होता, पँटवाला चहा पीत बसलेला, दोन गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांसमोर, अगदी हातवारे करून सांगितलं. कुरूप कसं, भोक कसं, चार महिने कसे. आणि वर म्हणालो... हे नसतो म्हणालो तर बरं झालं असतं... म्हणालो, “बाबा, चाळीस वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या पायाने लंगडताय!” गिऱ्हाइकं खो खो हसली. काका कात्री घेऊन अंगावर आला. बाबांनी दोरा तोडला, मशीनवर कापड टाकलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा सरळ बसले. दोन्ही पाय पायडलवर. मी मनात म्हटलं, जिंकलो! आणि मशीन उलटी फिरली. दोरा तुटला. परत ओवला, परत तुटला. ज्या माणसाची शिलाई पट्टीने आखल्यासारखी, त्याची साधी बाही वाकडी झाली हो! हात एकीकडे, पाय भलतीकडे. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, बाबा, जाऊ द्या, डावाच लावा. तर म्हणाले, “लावून बघितला. पण आता पाय ठेवला की ते कुरूपच आठवतं. कारण कळल्यावर नाही जमत रे.”

मी बरोबर होतो. हाच तर वैताग आहे! शंभर टक्के बरोबर होतो, आणि माझा बाप कोपऱ्यात बसून हाताने काज करतोय.

त्यांची मशीन आता मी चालवतो. आधी दोन्ही पायांनी चालवली, तर आवाज एकसुरी, गुळगुळीत... कोपऱ्यात बाबांची सुई सारखी अडायची. एकदा सहज, कुणी बघत नाही बघून, उजवा दांडीला अडकवला. खड्-खडड, खड्-खडड... तो जुना लंगडा ताल. आणि कोपऱ्यातली सुई त्या तालावर सुरू झाली. मग काय करणार? काढूच शकलो नाही पाय.

परवा एक रिटायर झालेले बस ड्रायव्हर शिकायला आले. घरी बसून बायकोच्या डोक्यात जातात म्हणून बायकोनेच धाडलंय. बसले, आणि सरळ उजवा पाय दाबला. काका पट्टी शोधायला लागला, तेवढ्यात मीच म्हणालो, “ड्रायव्हरकाका, डावा.”

“डावा? अहो, बत्तीस वर्षं बस चालवलीय! वेग कुठेही उजव्याच पायाचा असतो. डावा का?”

कोपऱ्यात बाबांची सुई थांबली. वर बघितलं नाही त्यांनी, पण थांबली. आणि माझ्या जिभेवर आख्खी गोष्ट तयार, कुरूप, चप्पल, भोक, सगळं...

म्हणालो, “पद्धत आहे.”

सुई चालू झाली. आणि तुम्ही हसू नका! माझा डावा खांदा खाली गेलाय, दिसतंय मला आरशात. झोक आहे तो.